फ्लॅटसाठी मोजलेले जादा पैसे विकताना किती परत येतात?

पुण्यातल्या सिंहगड रोडचा आमचा दोन बेडरूमचा फ्लॅट २०२५ मध्ये विकायला काढला, तेव्हा घेणाऱ्याच्या बँकेचा व्हॅल्युअर, म्हणजे घराचं मूल्य ठरवणारा माणूस, आला होता. एका हातात लेझरचं मोजमाप यंत्र, दुसऱ्या हातात इंडेक्स टूची, म्हणजे नोंदवलेल्या दस्ताच्या गोषवाऱ्याची, झेरॉक्स. हॉलच्या भिंतीवर लाल ठिपका पडला, आकडा लिहिला गेला. बेडरूम, किचन, ड्राय बाल्कनी, झालं. किचनमध्ये मी उत्साहाने भांड्यांचा ड्रॉवर ओढून सोडून दिला. तो अलगद, आवाज न करता मिटला. "छान आहे ताई," असं तो म्हणाला, पण मान काही वर केली नाही. फॉल्स सीलिंगकडे मात्र त्याने निरखून पाहिलं, वर गळतीचा डाग झाकलाय का एवढ्यासाठीच. मग विचारलं, "पार्किंग कुठलं? अॅग्रीमेंटमध्ये नंबर आहे का?"

नंबर नव्हता. नुसतं 'एक पार्किंग' असं लिहिलेलं. सोसायटीचं पत्र मिळवून बँकेत द्यायला अकरा दिवस गेले. आतल्या कामावर आम्ही सव्वासहा लाख घातले होते, रिपोर्टात त्याबद्दल दोनच शब्द होते: 'इंटिरियर चांगलं'.

त्या वीस मिनिटांत मला जे कळलं ते फ्लॅट बुक करण्याआधी कळायला हवं होतं. तुमचा फ्लॅट पुढे घेणारा बहुधा कर्ज काढूनच घेणार. त्यामुळे भाव दोघं ठरवतात: फ्लॅट पाहून हरखलेला गिऱ्हाईक, आणि अजिबात न हरखणारी त्याची बँक. बँकेच्या कागदावर जे उतरतं ते पैसे परत मिळण्याची शक्यता चांगली. जे उतरत नाही ते गिऱ्हाइकाच्या खिशातून, त्याच्या मर्जीवर.

हे आकड्यांत बघा. समजा फ्लॅटची किंमत ८२ लाख आणि आतल्या कामाचे ८ लाख धरून तुम्ही ९० लाख सांगताय. ३० ते ७५ लाखांच्या गृहकर्जात बँक घराच्या मूल्याच्या ८० टक्क्यांपर्यंतच कर्ज देऊ शकते, ही रिझर्व्ह बँकेची मर्यादा. व्हॅल्युअरने ९० लाख मान्य केले तर कर्ज ७२ लाख, घेणाऱ्याने घालायचे १८ लाख. त्याने ८२ लाखच लिहिले तर कर्ज ६५ लाख ६० हजार, आणि घेणाऱ्याला घालायचे २४ लाख ४० हजार. वर स्टॅम्प ड्युटी वेगळी. तुमच्या वॉर्डरोबपायी त्याला ६ लाख ४० हजार जास्त जमवायचे आहेत. त्यापेक्षा तो शेजारच्या विंगमधला साधा फ्लॅट घेईल आणि सुतार स्वतःचा बोलावेल.

राहण्यासाठी, हौसेसाठी जरूर खर्च करा. घर आहे ते, फिक्स्ड डिपॉझिट नव्हे. फक्त 'विकताना वसूल होईल' हे कारण स्वतःला देऊ नका. आता बुकिंगपासून क्रमाने जाऊ.

पहिली पायरी: कॉस्ट शीटवर तीन खुणा

बिल्डरच्या कॉस्ट शीटमध्ये मूळ दर, फ्लोअर राइज म्हणजे वरच्या मजल्याचे जादा पैसे, पीएलसी म्हणजे गार्डन किंवा रस्त्याकडच्या बाजूचे जादा पैसे, पार्किंग, क्लबहाउस, इन्फ्रास्ट्रक्चर, लीगल, वीज मीटर, दोन वर्षांचा आगाऊ मेंटेनन्स अशा ओळी असतात. पेन्सिल घ्या. जे सगळ्यांनाच द्यावं लागतं (क्लबहाउस, लीगल, मीटर) त्यापुढे शून्य. त्यातून तुमचा फ्लॅट शेजाऱ्यापेक्षा महाग विकला जाणार नाही, कारण त्यानेही ते दिलेत. तिथे घासाघीस करायची ती फक्त आज खर्च कमी करण्यासाठी. जे फ्लॅटला कायमचं चिकटतं (मजला, दिशा, कोपरा, पार्किंग) त्यापुढे बरोबरची खूण. जे आवडीचं आहे (टाइल्सचं पॅकेज, ऑटोमेशन, बिल्डरकडून किचन) त्यापुढे प्रश्नचिन्ह.

यातली बरोबरची खूण केलेलीही सगळी वसूल होत नाहीत. सगळ्यात जास्त फसगत होते ती मजल्याच्या पैशात.

दुसरी पायरी: फ्लोअर राइजचा पूर्ण हिशेब

सेल्सच्या टेबलावर सांगतात, "मॅडम, स्क्वेअर फुटाला फक्त चाळीस रुपये पर फ्लोअर." ७०० स्क्वेअर फूट कार्पेटचा (म्हणजे भिंतींच्या आतल्या वापरायच्या जागेचा) फ्लॅट, राइज पाचव्या मजल्यापासून मोजतात आणि तुम्ही चौदावा मजला धरलात. म्हणजे दहा मजले, स्क्वेअर फुटाला ४०० रुपये, एकूण २ लाख ८० हजार. यावर बांधकाम चालू असताना ५ टक्के जीएसटी (परवडणाऱ्या घरांच्या व्याख्येत बसत असेल तर १ टक्का), आणि पुण्यात ७ टक्के स्टॅम्प ड्युटी, कारण ही रक्कम अॅग्रीमेंटच्या किमतीतच जाते. झाले ३ लाख १३ हजार ६००. साडेआठ टक्क्यांनी हेच पैसे सात वर्षांत साडेपाच लाखांच्या पुढे जातात. म्हणजे सात वर्षांनी तुमचा चौदावा मजला चौथ्यापेक्षा स्क्वेअर फुटाला जवळपास ८०० रुपयांनी महाग विकला गेला तरच बरोबरी. आणि राइज कार्पेटवर न लावता जुन्या सवयीने 'सेलेबल' एरियावर (कार्पेटमध्ये जिने, लॉबीचा वाटा मिळवून फुगवलेल्या क्षेत्रफळावर) लावला असेल तर आकडा आणखी चढतो. कोणत्या क्षेत्रफळावर लावलाय ते लेखी विचाराच.

रीसेलमध्ये गंमत अशी की मजल्यांमधलं अंतर चेपलं जातं. एजंटच्या तोंडी सोसायटीचा एकच दर असतो: "तिथे साडेनऊ चालू आहे," म्हणजे स्क्वेअर फुटाला साडेनऊ हजार. दुसरा की बारावा हे पुढच्या वाक्यात येतं आणि एक-दोन लाखांवर मिटतं. ज्येष्ठ नागरिक मुद्दाम खालचा मजला मागतात. लिफ्ट बंद पडलेल्या दिवसाचा अनुभव त्यांच्या गाठीशी असतो. सगळ्यात वरच्या मजल्याला तापणारा स्लॅब आणि गळतीची शंका चिकटते. सरकारसुद्धा प्रत्येक मजल्याला वेगळा भाव देत नाही: मुंबईच्या रेडी रेकनरच्या (सरकारी बाजारमूल्य दरांच्या तक्त्याच्या) सूचनांत लिफ्टच्या इमारतीला ५ ते १० मजल्यांसाठी ५ टक्के आणि ११ ते २० साठी १० टक्के वाढ धरतात. अकरावा आणि विसावा एकाच टोपलीत.

माझं मत स्पष्ट आहे. समोरच्या इमारतीची गच्ची किंवा रस्त्याचा गोंगाट जिथे पायाखाली जातो, त्याच्या एक-दोन मजले वरपर्यंत पैसे द्या. तिथून पुढचे पैसे हवेसाठी नसून आकड्यासाठी आहेत. आणि कॉस्ट शीटमधली सगळ्यात लवचिक ओळ हीच असते. दिवाळीच्या आसपास किंवा तिमाही संपताना 'दहा मजल्यांऐवजी चारच मजल्यांचा राइज लावा' असं मागून बघा.

तिसरी पायरी: अंदाज सोडा, इंडेक्स टू वाचा

महाराष्ट्राच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर विनाशुल्क ई-सर्च आहे. घर घेणाऱ्यांपैकी फार थोडे तो वापरतात, हे मला अजून कोडंच आहे. जिल्हा, तालुका, गाव, वर्ष आणि सर्व्हे किंवा मिळकत क्रमांक टाकला की नोंदवलेल्या दस्तांची यादी येते. प्रत्येकाच्या इंडेक्स टूमध्ये मोबदला, बाजारभाव, क्षेत्रफळ आणि बहुधा फ्लॅट क्रमांक व मजलाही असतो.

तुम्ही घेताय त्या भागातल्या, सहा ते आठ वर्षं जुन्या दोन-तीन सोसायट्या निवडा. त्याच बिल्डरच्या असतील तर उत्तम. गेल्या दोन वर्षांतले रीसेलचे दस्त काढा, मोबदला भागिले क्षेत्रफळ करा आणि मजल्याप्रमाणे लावा. चहाच्या दोन कपांचं काम आहे. काळजी एकच: क्षेत्रफळ कधी चौरस मीटरमध्ये असतं (१ चौरस मीटर म्हणजे १०.७६४ चौरस फूट) आणि रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियमन आणणारा कायदा, येण्याआधीच्या दस्तांत बिल्टअप, म्हणजे भिंतींसकटचं क्षेत्रफळ, लिहिलेलं असतं. सारख्याला सारखं ताडा. अशा वहीत वरचा आणि खालचा मजला यांत २०० रुपयांचाच फरक दिसत असेल आणि बिल्डर ४०० मागत असेल, तर वाटाघाटीला जाताना ती वहीच बरोबर न्या.

चौथी पायरी: दृश्य कुणाच्या मालकीचं आहे ते बघा

गार्डन व्ह्यू, हिल व्ह्यू, रिव्हर व्ह्यू. पीएलसीचा अर्थ एवढाच, की समोर जे दिसतंय त्याचे पैसे तुम्ही देताय. ते सात वर्षांनीही दिसणार असेल तरच पुढचा माणूस देईल. म्हणून आधी महारेराच्या (रेराखालच्या राज्यातल्या प्राधिकरणाच्या) संकेतस्थळावर प्रकल्पाचा मंजूर लेआउट उघडा. समोरच्या मोकळ्या जागेवर 'ई' आणि 'एफ' इमारत दाखवली असेल, तर तुम्ही पुढच्या फेजच्या खड्ड्याचे पैसे देताय. मग विकास आराखडा, म्हणजे डीपी. समोर शाळेचं आरक्षण आहे, रुंद रस्ता आहे की खासगी बिनशेती प्लॉट? पुण्यात टेकड्यांवर जैवविविधता उद्यानाचं आरक्षण आहे, तिथलं दृश्य त्यातल्या त्यात टिकाऊ. प्रकल्पाच्या आतली बाग, जिच्याभोवती इमारती आधीच उभ्या आहेत, तीही टिकते. मात्र तळमजल्यालगतच्या दोन मजल्यांना मुलांचा आरडाओरडा आणि डास फुकट.

नदीचं तर आमच्याच भागात पाहिलं. जुलै २०२४ मध्ये खडकवासल्यातून पाणी सोडल्यावर सिंहगड रोडच्या एकता नगरीत पाणी शिरलं. त्यानंतर फ्लॅट पाहायला येणारे 'नदी दिसते का' हे विचारायचे थांबले. 'पार्किंगमध्ये पाणी येतं का' असं विचारू लागले. नदीकाठी घेत असाल तर निळी आणि लाल पूररेषा कुठून जाते ते आराखड्यावर बघितल्याशिवाय एक रुपयाही जादा देऊ नका.

दिशेचं वेगळं आहे. वास्तूवर तुमचा विश्वास असो वा नसो, घेणाऱ्यांपैकी पुष्कळांचा असतो. पूर्व किंवा उत्तरेचा दरवाजा, आग्नेयेचं किचन असलेला फ्लॅट लवकर हलतो. दक्षिणमुखी फ्लॅट पाहून 'आईंना विचारून सांगतो' म्हणत लोक जातात ते जातातच. चांगली गोष्ट ही, की दिशेचे पैसे बिल्डर बहुतेक वेळा लावत नाही. त्याच दरात मिळत असेल तर ती घ्या. पुढच्या माणसाच्या आईसाठी.

पाचवी पायरी: पार्किंग, आणि तेही कागदावर

एकाच गोष्टीवर जादा पैसे घालायचे असतील तर मी पार्किंगवर घालीन. पण आधी तुम्हाला नेमकं काय विकलं जातंय ते समजून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच म्हटलं की उघडं आणि स्टिल्टमधलं (इमारतीखालच्या खांबांमधलं) पार्किंग बिल्डरला स्वतंत्रपणे विकता येत नाही. रेरानंतर महाराष्ट्रात आच्छादित पार्किंग मोबदला घेऊन देता येतं, उघडं अजूनही विकता येत नाही. ते सोसायटीचं, आणि सोसायटी उद्या चिठ्ठ्या टाकून फिरवू शकते. म्हणून 'ओपन पार्किंगचे दीड लाख' कुणी मागितले तर नम्रपणे नकार द्या. एप्रिल २०२४ मध्ये महारेराने सांगितलंय की पार्किंगची जागा, क्रमांक, लांबी, रुंदी, उंची हे अॅलॉटमेंट लेटर आणि अॅग्रीमेंटसोबतच्या जोडपत्रात यायला हवं. ते आहे का बघा. आमचे अकरा दिवस याच ओळीपायी गेले.

मग प्रकार. बेसमेंट किंवा पोडियमवरची, कुणाची गाडी न काढता आपली काढता येणारी जागा सगळ्यात चांगली. एकामागे एक अशी दोन पार्किंगं एकाच घराला चालतात, दोन घरांत भांडणं लावतात. यांत्रिक पार्किंग कागदावर पार्किंगच, पण घेणारा पहिला प्रश्न विचारतो, 'एसयूव्ही बसते का?' आणि दुसरा, 'बंद पडलं तर?' दोन्हींचं उत्तर अडखळत आलं की तो भाव पाडतो. शक्य असेल तर पैसे भरण्याआधी स्वतःची गाडी त्या जागेत लावून दार उघडून बघा. खांबाला टेकणारं दार नकाशावर दिसत नाही. दुसरं पार्किंग मोठ्या फ्लॅटला जवळजवळ अटच झालंय. दोन बेडरूमला मात्र त्यासाठी ताण घेऊ नका.

सहावी पायरी: भिंती ओतण्याआधी पॉइंट, नंतर बाकी सगळं

आजकालचे बरेच टॉवर मिव्हान पद्धतीने, म्हणजे अॅल्युमिनियमच्या साच्यात काँक्रीटच्या भिंती ओतून उभे राहतात. या भिंती विटांच्या नसतात, नंतर छिन्नीने झिरी मारून वायर लपवता येत नाही. म्हणून बिल्डरकडून घ्यायचं खरं अपग्रेड दिसायला अगदी फालतू असतं: प्रत्येक खोलीत एसीचा पॉइंट आणि पाणी जायची नळी, इन्व्हर्टरची वेगळी लाइन, ओट्यावर पुरेसे सॉकेट, वॉशिंग मशीनला नळ आणि निचरा, मीटर रूमपासून पार्किंगपर्यंत चार्जिंगसाठी रिकामी नळी. यांतलं काही व्हॅल्युअर लिहिणार नाही हे खरं. पण यांच्या अभावी भिंतीवरून लोंबणाऱ्या पट्ट्या दिसल्या की घेणारा मनात दोन लाख वजा करतो.

याउलट बिल्डरची किचन आणि टाइल्सची पॅकेजं. ती अॅग्रीमेंटच्या किमतीत घातली तर त्यावरही ७ टक्के स्टॅम्प ड्युटी जाते. बाहेरून केलं तर काम तुमच्या नजरेसमोर होतं आणि प्लाय कोणता वापरला ते कळतं. किचनच्या सिंकखालच्या कपाटाला आयएस ७१० शिक्का असलेला मरीन प्लायच घ्या. महागड्या शटरपेक्षा या एका फळीवर किचन दहा वर्षं टिकतं की नाही ते ठरतं. काळा ग्रॅनाइटचा ओटा, फिकट रंगाची साधी शटर, पूर्ण उंचीच्या बाथरूम टाइल्स, जाळीसकट तीन ट्रॅकच्या खिडक्या: हे पाहून कुणी नाक मुरडत नाही. इटालियन मार्बल, रंग बदलणारे दिवे, फोनवरून चालणारे पडदे: हे पाहून काही लोक खूश होतात, पण पैसे कुणीच देत नाही. सात वर्षांनी त्या पडद्यांचं अॅपही चालत नसतं.

दोन चुका तर भाव थेट खाली आणतात. पहिली, तीन बेडरूमच्या दोन करणं. हॉल प्रशस्त दिसतो, पण बाजारात तुम्ही एक खोली विकून खाल्ली आहे. दुसरी, परवानगीविना बाल्कनी आत घेणं. व्हॅल्युअर मंजूर नकाशा हातात धरून फिरतो, तो वाढलेला हॉल मोजत नाही, उलट शेरा मारतो. दोन फ्लॅट जोडून घेतले असतील तर दोन्हींचे दस्त वेगळेच ठेवा आणि दुसऱ्या किचनचे पाइप बंद करा, उखडू नका. उद्या दोन वेगळ्या गिऱ्हाइकांना विकता येतील.

सातवी पायरी: विकायच्या आधीचे तीन महिने

इथे लाखांचा खर्च नको, हजारांचा करा. बाथरूमलगतच्या भिंतीचा ओलावा आधी मुळापासून थांबवा, मग रंग द्या. उलट केलं तर पावसाळ्यात घेणारा येईल आणि बोट लावून बघेल. पांढरा किंवा फिकट रंग, घट्ट झालेल्या खिडक्यांना नवी चाकं, पिवळी पडलेली बटणं आणि गळके नळ बदलून, कमोडचा सीट नवा. माळ्यावरचं सामान हलवा, खोल्या एकदम मोठ्या दिसतात.

घराबाहेरच्या गोष्टी तुमच्या एकट्याच्या हातात नसल्या तरी भाव त्याच ठरवतात. ओसी (इमारत वापरायचा दाखला) आहे का, कन्व्हेयन्स (जमीन-इमारत सोसायटीच्या नावावर होणं) झालंय का, टँकरवर महिन्याला किती जातात. कन्व्हेयन्स रखडलेल्या सोसायटीत चकचकीत फ्लॅट विकण्यापेक्षा वर्षभर मानीव अभिहस्तांतरणाच्या (बिल्डर अडला तरी मिळणाऱ्या कन्व्हेयन्सच्या) मागे लागून साधा फ्लॅट विकणं फायद्याचं. सोसायटीने ट्रान्सफर प्रीमियम (फ्लॅट नव्या मालकाच्या नावे करण्याचे पैसे) म्हणून २५ हजारांपेक्षा जास्त मागितले, तर महापालिका हद्दीतली ती कमाल मर्यादा आहे हे सेक्रेटरींना सांगा. 'ऐच्छिक देणगी' हा शब्द लगेच पुढे येईल, तयारी ठेवा.

आणि फाइल

विकल्यावर नफ्यावर कर असतो. दोन वर्षांहून जास्त काळ ठेवलेल्या घरावर आता १२.५ टक्के, महागाईचा निर्देशांक न धरता. २३ जुलै २०२४ च्या आधी घेतलेलं घर असेल तर निवासी व्यक्तीला निर्देशांक धरून २० टक्क्यांचा हिशेबही करून बघता येतो, जो कमी तो. दोन्हींत मूळ खर्चामध्ये स्टॅम्प ड्युटी आणि नोंदणी फी धरता येते, आणि घरात कायमची भर घालणारं काम असेल तर तेही. सोफा, पडदे, फ्रीज नाही. फिटिंगचं किचन किंवा वॉर्डरोब कशात बसतं ते आपल्या सीएला बिल दाखवून विचारा. म्हणजे बाजारात न वसूल झालेल्या कामाचा थोडा भाग इथे सुटतो, मात्र बिल पक्कं आणि पैसे बँकेतून गेलेले हवेत.

आम्ही किचनचे सव्वादोन लाख रोख दिले होते. सीएंनी हिशेब केला: ते धरता आले असते तर १२.५ टक्क्यांनी २८ हजार १२५ रुपये कर वाचला असता. मी फाइलमधून ठेकेदाराची पावती काढून दिली. डायरीचं फाडलेलं पान, वर 'किचन फुल अँड फायनल' आणि खाली सही. तारीखसुद्धा नव्हती.